भिंत कोणाला वाचवते?

लेखमाला : उद्याची दुःस्वप्नं (लेखांक ५)

मागच्या आठवड्यात ऑक्टेव्हिया बटलर यांच्या ‘पॅरेबल ऑफ द सोअर’ या कादंबरीची कथा आपण पाहिली. ज्यांच्या हातून तो लेखांक सुटला, त्यांच्यासाठी थोडक्यात उजळणी. लॉरेन ओलामिना ही कृष्णवर्णीय मुलगी लॉस एंजेलिसपासून २० मैलांवरच्या रोब्लेडो गावात, भिंतीआडच्या एका बंद गल्लीत राहते. तिची रोजनिशी २० जुलै २०२४ रोजी, तिच्या पंधराव्या वाढदिवशी सुरू होते. पुढच्या तीन वर्षांत धाकट्या भावाचा खून होतो, वडील बेपत्ता होतात आणि जुलै २०२७ च्या अखेरीस फाटक फोडून आत घुसलेली टोळी अख्खी गल्ली जाळून टाकते. वाचलेल्या हॅरी आणि झारा या दोघांसह लॉरेन हायवे १०१ ने उत्तरेकडे चालू लागते. ऑक्टोबरमध्ये तेरा माणसं हम्बोल्ट काउंटीतल्या किनाऱ्याजवळच्या एका जमिनीवर पोचतात आणि कादंबरी संपते.

आज या कथेमागची सूत्रं पाहू. जगबुडीनंतरच्या गोष्टींत सहसा एकटा, हत्यारबंद आणि कुणावरही विश्वास न टाकणारा माणूस तगतो. बटलर यांच्या जगात असा एकटा माणूस फार दिवस टिकत नाही. तिथे टिकायचं कसब म्हणजे अनोळखी माणसांतून शेजारी घडवणं. हे काम किती जोखमीचं आहे, त्यात कितीदा फसायला होतं, हेही त्या लपवत नाहीत. कादंबरीतली बाकी सगळी सूत्रं या एका धाग्यात ओवलेली आहेत.

हळूहळू कोसळणारं जग

या कादंबरीत अणुयुद्ध नाही, परग्रहवासी नाहीत, एका रात्रीत जग संपवणारी साथही नाही. पाणी पेट्रोलपेक्षा कितीतरी महाग झालेलं आहे. पाऊस वर्षानुवर्षं पडत नाही. पोलीस तपासाचे पैसे आधी मागतात आणि तपास काही लागत नाही. गोवर आणि पटकीच्या बातम्या येत राहतात. रस्त्यावर राहणाऱ्यांची संख्या वाढते, लिहिता-वाचता येणाऱ्यांची घटते. शिवाय एक नवा अमली पदार्थ आलेला आहे. तो घेणाऱ्याला आग बघण्यात कमालीचं सुख मिळतं, म्हणून तो आगी लावत सुटतो.

तरीही निवडणुका होतात, कॉलेजं चालू असतात, दूरदर्शनच्या मोठ्या पडद्यावर बातम्या दिसतात. क्रिस्टोफर डॉनर नावाचा नवा राष्ट्राध्यक्ष निवडून येतो आणि नोकऱ्या वाढवायच्या म्हणून बेघरांना कामावर ठेवणाऱ्या मालकांना किमान वेतनाच्या, पर्यावरणाच्या आणि कामगारांच्या संरक्षणाच्या कायद्यांतून सूट देऊ करतो. राज्यव्यवस्था नावापुरती शाबूत आहे. सामान्य माणसाच्या उपयोगी पडेल असं तिच्यात काही उरलेलं नाही.

हे चित्र बटलर यांना कुठून सुचलं? त्या १९४७ साली पॅसाडिनात जन्मल्या. आई लोकांच्या घरी कामाला जायची, वडील लहानपणीच गेले. बटलर गाडी चालवत नसत; बसने आणि पायी फिरत. लॉस एंजेलिसची जी बाजू गाडीच्या काचेतून दिसत नाही ती त्यांनी बसथांब्यावरून पाहिली. वर्तमानपत्रांची कात्रणं जमवण्याची त्यांना सवय होती. त्यांचे कागद आज पॅसाडिनाला लागून असलेल्या हंटिंग्टन ग्रंथालयात आहेत. कॅलिफोर्नियाने १९८७ ते १९९२ असा सलग दुष्काळ सोसला होता. रॉडनी किंगला मारहाण करणाऱ्या पोलिसांना निर्दोष ठरवल्यावर १९९२ च्या एप्रिल-मे महिन्यांत लॉस एंजेलिस पेटलं होतं. फाटकबंद वसाहती तेव्हाच वाढू लागल्या होत्या. कादंबरी आली १९९३ साली. आज ज्यांच्याकडे आपण काणाडोळा करतो ते प्रश्न तीस वर्षं तसेच वाढू दिले तर काय होईल, एवढाच हिशेब आपण मांडला, असं त्यांनी पुढे सांगितलं.

म्हणून या पुस्तकाला भविष्यवाणी म्हणणं मला पटत नाही. २०२० च्या सप्टेंबरमध्ये, लेखिकेच्या निधनानंतर १४ वर्षांनी, ते प्रथमच ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या खपाच्या यादीत आलं. जानेवारी २०२५ मध्ये पॅसाडिनाशेजारचं अल्टाडिना वणव्यात होरपळलं, तेव्हा पुन्हा त्याची चर्चा झाली. बटलर यांची कबर अल्टाडिनातच आहे. पण भविष्यवाणी म्हटलं की वाचकाची जबाबदारी संपते, व्हायचं ते होणारच असं वाटू लागतं. बटलर यांना अभिप्रेत होता इशारा. इशाऱ्याकडे लक्ष द्यायचं की नाही, हे ऐकणाऱ्याच्या हाती असतं.

भिंतीचा भरवसा

रोब्लेडोची गल्ली श्रीमंतांची नाही. गोरे, काळे, लॅटिनो अशी सगळी कुटुंबं तिथे आहेत, आणि सगळी पोटापुरतं कमावणारी. झाडांची फळं, परसातला भाजीपाला आणि ओकच्या फळांच्या पिठाचा पाव यांवर ती दिवस काढतात. तरी बाहेर फुटपाथवर झोपणाऱ्याच्या डोळ्यांत ती धनवानच आहेत, कारण त्यांच्याभोवती भिंत आहे. म्हणजे जी भिंत चोरांना अडवायला बांधली तीच ‘आत काहीतरी आहे’ अशी जाहिरात करते.

या सूत्रातला सर्वांत सखोल भाग लॉरेन आणि तिच्या वडिलांच्या संवादात आहे. वडील बाप्टिस्ट धर्मोपदेशक आणि कॉलेजात प्राध्यापक. लॉरेन मैत्रिणीला सांगते की ही भिंत एक दिवस पडणार. आपण जंगलातल्या खाद्य वनस्पती ओळखायला शिकावं, पाठीवर घेऊन पळता येईल अशी पिशवी भरून ठेवावी. मैत्रीण घाबरून आईला सांगते आणि गोष्ट वडिलांपर्यंत जाते. ते रागावतात, पण मुलगी चुकली असं म्हणत नाहीत. लोकांना घाबरवून काही साधत नाही, त्यांना हळूहळू शिकव, असं त्यांचं म्हणणं असतं. मग तेच गल्लीत रात्रीची गस्त सुरू करतात, मुलांना नेमबाजी शिकवतात.

हा माणूस मूर्ख नाही, भित्रा नाही, आंधळाही नाही. त्याला धोका दिसतो आणि तो तयारीही करतो. घर सोडण्याचा विचार मात्र त्याला करवत नाही. जुने दिवस पाहिलेली मोठी माणसं ते दिवस परत येण्याची वाट पाहत राहतात. लॉरेनने ते पाहिलेच नाहीत, त्यामुळे तिला वाट पाहण्यासारखं काही नाही. संकट नाकारणारा माणूस म्हणजे खुळा, अशी सोपी मांडणी इथे नाही. चांगली, कर्तबगार माणसंही कशी अडकून पडतात ते बटलर दाखवतात, म्हणून हा भाग अंगावर येतो.

दुसऱ्याचं दुखणं अंगावर

लॉरेनच्या आईने गरोदरपणी एका औषधाचा अतिवापर केला. त्यातून लॉरेनला एक विकार जडला आहे: दुसऱ्याला होणाऱ्या वेदना डोळ्यांना दिसल्या की त्या तिच्याही शरीरात उमटतात. लहानपणी तर समोरच्याचं रक्त पाहून तिच्या त्वचेतून रक्त यायचं. तिचा भाऊ कीथ एकदा लाल शाई लावून जखमेचं सोंग करतो, केवळ तिला रक्तबंबाळ झालेली बघण्यासाठी.

इथे दुसरा एखादा लेखक सहज घसरला असता. सगळ्यांना असा विकार असता तर जग सुधारलं असतं, हा मोह सोपा आहे, आणि लॉरेनच्याही मनात तो विचार डोकावतो. पण बटलर त्याची दुसरी बाजू दाखवतात. हल्लेखोराला जखमी केलं की लॉरेन स्वतः कोसळते. म्हणून लढायची वेळ आली तर तिला एका घावात मारावं लागतं. करुणा तिला अहिंसक बनवत नाही, उलट प्राणघातक बनवते. पुढे भेटणारी एमरी आणि तिची मुलगी, तसेच मोरा आणि त्याची मुलगी हे चौघेही याच विकाराचे. दोन्ही कुटुंबं गुलामीतून पळालेली. ज्याला दुसऱ्याचं दुखणं सोसवत नाही त्याच्यावर धाक बसवणं सोपं असतं, हे मालकांना ठाऊक असतं. सहानुभूती ही माणुसकीची खूण खरी, पण संरक्षण देणारी माणसं आजूबाजूला नसतील तर तीच गळफास होते.

कर्जाची बेडी

समुद्रकाठी ऑलिव्हार नावाचं गाव आहे. रोब्लेडोपेक्षा सुस्थितीतलं, पण वाढत्या समुद्राने आणि वाढत्या गुन्ह्यांनी हैराण. केएसएफ नावाची बहुराष्ट्रीय कंपनी ते गावच ताब्यात घेते: पाणी, वीज, नोकऱ्या, सुरक्षा, सगळं. गल्लीतलं एक गोरं कुटुंब तिकडे निघतं आणि लॉरेनची सावत्र आईही आपण जाऊ म्हणून आग्रह धरते. वडील नकार देतात. पगार इतका कमी की घरभाडं आणि धान्य यांतच उधारी होणार, आणि उधारी फिटेपर्यंत गाव सोडता येणार नाही, हे त्यांना दिसतं.

अमेरिकेच्या इतिहासात हे घडून गेलेलं आहे. खाणींच्या गावांत मजुरांना कंपनीची कुपनं मिळत. ती फक्त कंपनीच्याच दुकानात चालत. १८६५ साली गुलामी कायद्याने संपली, पण दक्षिणेतले काळे कुळवाडी मालकाच्या वहीतल्या कर्जाने पुढची कित्येक दशकं जमिनीला बांधलेले राहिले. हंगामाआधी उचल घेऊन कोयता हाती धरणारा ऊसतोड मजूर ज्यांनी पाहिला आहे, त्या मराठी वाचकाला ही बेडी ओळखीची वाटेल. एमरीची कथा याच वाटेने जाते. ती एका शेती कंपनीत काम करते, कर्ज वाढत जातं आणि त्या कर्जापोटी तिचे दोन मुलगे तिच्यापासून काढून नेले जातात.

बटलर यांनी ‘किंड्रेड’ (१९७९) मध्ये आधुनिक काळ्या स्त्रीला गुलामीच्या काळात मागे नेलं होतं. इथे गुलामीच भविष्यात पुढे आलेली आहे. उत्तरेकडे पायी निघणं हेही त्याच इतिहासातून आलं आहे. एकोणिसाव्या शतकात दक्षिणेतून पळालेले गुलाम मदत करणाऱ्यांच्या गुप्त साखळीतून, ‘अंडरग्राउंड रेलरोड’ने, उत्तरेला पोचत. आपला जथाही त्याच जातीचा, हे लॉरेन ओळखते.

विश्वासाचं कामकाज

आता मुख्य सूत्राकडे. रस्त्यावर लॉरेन, हॅरी आणि झारा हे तिघे कोणाला बरोबर घ्यावं यावर सतत वाद घालतात. हॅरीला आधी लॉरेनचाच भरवसा वाटत नाही: पुरुषाचा वेश, लपवलेला विकार, मारायची तयारी. तो विश्वास हळूहळू, कामातून जमतो. रात्री दोघांनी जागायचं. पाणी एकत्र विकत घ्यायचं. ज्याला जे येतं ते त्याने दुसऱ्याला शिकवायचं. झारा निराधार आईने विकलेली मुलगी. तिला अक्षरओळख नाही, पण रस्त्याचे कायदे तिला तोंडपाठ आहेत. लॉरेन तिला वाचायला शिकवते आणि रस्त्यावर कसं वागायचं ते तिच्याकडून शिकते.

मग तान्ह्या बाळासह ट्रॅव्हिस आणि नातिविदाद येतात. भूकंपात पडलेल्या घराच्या ढिगाऱ्यातून अ‍ॅली आणि जिल या बहिणींना बाहेर काढलं जातं. ५७ वर्षांचे डॉक्टर बँकोले सामील होतात. प्रत्येक वेळी निर्णय भावनेवर सोडलेला नसतो. हे आपल्याला लुटतील का, यांचं मूल रडलं तर आपली जागा कळेल का, यांना खायला किती लागेल, असे प्रश्न विचारले जातात आणि नंतर बहुतेक वेळा हात पुढे केला जातो. त्याची किंमतही मोजावी लागते. जिल वाटेत मारली जाते. रोब्लेडोत माणसं भिंतीमुळे एकत्र होती. इथे कामामुळे एकत्र आहेत, आणि तीच त्यांची भिंत आहे.

नव्या धर्माचं बीज

लॉरेन वडिलांचा धर्म सोडते आणि स्वतःचा उभारते. त्याचं नाव ‘अर्थसीड’. तिच्या मते देव हा कुणी पिता किंवा न्यायाधीश नाही. बदल हीच विश्वातली एकमेव अटळ शक्ती, आणि माणूस तिला घडवू शकतो. प्रार्थना ऐकणारा कुणी वर नाही, म्हणून एकमेकांचं ऐकावं लागतं. माणसाने एक दिवस ताऱ्यांमध्ये वस्ती करावी हे या धर्माचं ध्येय.

हा कादंबरीचा कच्चा दुवा आहे असं माझं मत. ज्यांना उद्याच्या पाण्याची खात्री नाही त्यांना ताऱ्यांचं स्वप्न देणं हे पळवाटीसारखं वाटतं, आणि लॉरेनची श्रद्धा पसरवण्याची घाई कधी कधी मतलबी दिसते. पण बटलर हे आक्षेप स्वतःच पात्रांच्या तोंडी घालतात. बँकोले तिच्या धर्माबद्दल शंका घेतात, हॅरी चेष्टा करतो, आणि तरी दोघेही राहतात. लोकांना धरून ठेवतं ते तत्त्वज्ञान की रात्रीची गस्त, हा प्रश्न कादंबरी उघडा ठेवते.

शेवट गोड नाही. बँकोलेंच्या जमिनीवर बहिणीचं घर जळून राख झालेलं असतं आणि राखेत हाडं असतात. तेरा जण तिथेच राहायचं ठरवतात, गेलेल्यांच्या नावाने ओकची बियाणं लावतात आणि वस्तीला ‘एकॉर्न’ असं त्या फळाचंच नाव देतात. शीर्षकातला पेरणारा बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातल्या दाखल्यातून आला आहे: काही बी वाटेवर पडतं, काही खडकावर, काही काट्यांत, आणि थोडंच चांगल्या जमिनीत रुजतं. कोणतं बी रुजेल हे पेरणाऱ्याला आधी कळत नाही. बटलर आशेचं वचन देत नाहीत. कामाची यादी देतात. संकटकथांच्या गर्दीत ही कादंबरी त्यामुळेच वेगळी आणि जास्त उपयोगाची ठरते.

पुढच्या लेखांकात याच कथेचा दुसरा भाग, १९९८ चा ‘पॅरेबल ऑफ द टॅलेंट्स’, पाहू. त्यात अमेरिकेला पुन्हा महान करायचं सांगणारा एक नेता सत्तेवर येतो आणि एकॉर्नचं काय होतं ते कळतं. तोवर जमलं तर पहिला भाग मिळवून वाचा. इंग्रजी सोपं आहे, नोंदी छोट्या आहेत. आणि वाचताना आपल्या गल्लीतल्या किती घरांची नावं आपल्याला ठाऊक आहेत, तेही एकदा मोजून पाहा.