एंजिनावरील रिव्हेटबंद पट्टी

देहू-आळंदी रस्त्यावरील तळवडे येथें लहान कारखान्यांची दाटी आहे. तेथील एका कारागिराकडे आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें विलियर्स एंजिनाची मोटारसायकल दुरुस्तीस दिली होती. एंजिनाच्या कवचावरील क्रमांकपट्टी एकाच रिव्हेटावर लोंबत होती. दुसऱ्याचें डोकें तुटून दांडा भोंकांत अडकला होता. जुनी पट्टी टाकून हुबेहूब नवी बसवावी, असा त्याचा विचार. “गुरुजी, अक्षरें तींच राहणार, मग हरकत काय?” असें त्यानें विचारिलें. यंत्रविद्या आमचा विषय नव्हे. परंतु धातूच्या पत्र्यावरील अक्षरांशीं आमचा जन्मभर संबंध आल्यामुळें हा प्रश्न येथें मांडीत आहों.

ताम्रपटाची परीक्षा केवळ मजकुरावरून होत नाहीं. पत्रे ओंवणारी कडी व तिच्यावरील मुद्रा हींही पुराव्याचींच अंगें होत. पट हातीं आला त्या वेळीं कडी अखंड होती कीं तोडलेली, हें संपादक आरंभींच नमूद करितो. कारण तुटलेल्या कडींतून पत्रा बदलतां येतो. बनावट पट पूर्वींही पुष्कळ झाले. फ्लीट यांनीं सन १९०१ मध्यें अशांची यादीच प्रसिद्ध केली. एंजिनावरील रिव्हेट ही त्या पट्टीची कडी होय.

इंग्लंडांतील वुल्व्हरहॅम्प्टन येथील विलियर्स कंपनी अनेक मोटारसायकल कारखान्यांना एंजिनें पुरवीत असे. क्रमांकाच्या आरंभींच्या आंकड्याअक्षरांवरून एंजिनाचा प्रकार ठरवितां येतो. पट्टी गेली म्हणजे ही वंशावळच गेली.

म्हणून पट्टीस हात लावण्यापूर्वीं ठसा घ्यावा. पातळ कागद ठेवून मऊ शिसपेन्सिल आडवी फिरविली असतां अक्षरें उमटतात. भोंकांमधील अंतर व पत्र्याची जाडी टिपून ठेवावी. हीं भोंकें बहुधा आरपार नसतात. सबब रिव्हेट मागून ठोकून काढतां येत नाहीं. ठोकून बसविण्याच्या रिव्हेटाच्या दांड्यावर मळसूत्रासारख्या तिरप्या धारा असतात. हातोडीच्या घावानें तो फिरत आंत शिरतो. तेव्हां काढतांना डोक्यावर बारीक करवतीनें खांच पाडून, किंवा डोकें पक्कडींत धरून, तो हळूहळू उलटा फिरवावा. पट्टीखालीं पेचकस घालून उचकटूं नये. पत्रा मुरडतो व भोंक फाटतें. कवच ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचें व रिव्हेट पोलादी असल्यास ओलाव्यानें दोहोंची पकड आवळते. उष्णतेनें ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतें, म्हणून मंद शेक उपयोगी पडतो. मात्र पेट्रोलची टांकी अगोदर दूर करावी. डोकें तुटलें असल्यास दांड्याच्या मध्यावर बारीक ड्रिल, खोलीची खूण बांधून, चालवावें. कवच आरपार भोसकलें जाऊं नये. नवा रिव्हेट त्याच मापाचा असावा व त्याचा दांडा भोंकाच्या खोलीपेक्षां आंखूड असावा. मध्यें भोंक दिसणारे पोकळ रिव्हेट जुन्या एंजिनावर तत्काळ ओळखूं येतात.

पट्टी खरोखरच नष्ट झाली असेल तरच नवी करावी, आणि तिच्या पाठीवर ‘प्रतिकृति’ हा शब्द व सन कोरावा. केंद्रीय मोटार वाहन नियमांत सन २०२१ मध्यें झालेल्या दुरुस्तीनें ५० वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांस, तीं मूळ स्वरूपांत राखलेलीं असल्यास, निराळ्या नोंदणीची सोय झाली आहे. एंजिनाचा क्रमांक नोंदणीचा आधार असल्यामुळें पट्टी बदलण्यापूर्वीं परिवहन कार्यालयास कळविणें हेंच सरळ वर्तन.

तरुणपणीं एका स्नेह्याच्या घरचा तांब्याचा पत्रा आम्हीं चिंच लावून घासला. पत्रा लखलखला, पण दोन ओळींतील बारीक रेघा पुसट झाल्या, आणि त्यांतील एक नांव आम्हांस अजून निश्चित लावतां येत नाहीं. ही गोष्ट विद्यार्थ्यास सांगितली. अक्षरें तींच राहिलीं तरी तीं उमटविणारा हात बदलतो, हें त्यास पटलें. कारागिरानें अडकलेला दांडा काढून तेथें एकच नवा रिव्हेट बसविला; जुना रिव्हेट हलविलाच नाहीं. काढलेला तुकडा चिठ्ठीसह पुडींत बांधून गाडीच्या कागदपत्रांत ठेविला आहे. संग्राहकांनीं एवढा परिपाठ ठेविल्यास पुढील शोधकांचें काम पुष्कळ सुकर होईल.