जळालेल्या बल्बचा पंचनामा

नगर जिल्ह्यात छताचा बल्ब महिन्याभरात दुसऱ्यांदा गेला की शिव्यांचा क्रम ठरलेला असतो. पहिली शिवी दुकानदाराला, दुसरी 'चायना माला'ला आणि तिसरी लाईटवाल्यांना. बल्ब मात्र निमूट कचऱ्यात जातो आणि सोबत पुरावाही घेऊन जातो. खरं तर आपण कशाने मेलो, हे तो अंगावर लिहून ठेवतो. पंचनामा करायला कोणी थांबत नाही, एवढंच.

जुन्या तारेच्या बल्बपासून सुरुवात करू. तो हद्दपार झालाय असं शहरात वाटतं, पण पोल्ट्रीच्या शेडमध्ये पिल्लांना ऊब देण्याची नोकरी अजून त्याच्याकडेच आहे. त्याची तार टंगस्टनची असते आणि पेटल्यावर ती साधारण अडीच हजार अंश सेल्सिअसला पोचते. ज्वालामुखीतून वाहणारा लाव्हाही इतका तापत नाही, अगदी निम्म्यावरच थांबतो. टंगस्टन वितळतं ३,४०० अंशांच्या वर, म्हणून तार टिकते. पण न वितळताही तिचे कण हळूहळू उडत राहतात आणि काचेवर जमतात. जळालेल्या बल्बची काच आतून काळपट, आरशासारखी दिसली तर तो म्हातारा होऊन गेला असं समजा. आत पांढरा धूर दिसला तर काचेला सूक्ष्म चीर पडून हवा शिरली होती. तार तुटून आत खुळखुळत असेल आणि काच स्वच्छ असेल, तर धक्क्यांवर संशय घ्या. वरच्या मजल्यावर आदळआपट होते का, भिंतीपलीकडे पिठाची गिरणी आहे का?

हा बल्ब बहुतेक वेळा बटण दाबतानाच का जातो, याचंही उत्तर तारेतच आहे. थंड तारेचा विरोध तापलेल्या तारेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी असतो. त्यामुळे बटण दाबताच पहिला क्षणभर नेहमीच्या दहापट किंवा जास्तच करंट आत घुसतो. तारेत जिथे झिजून बारीक झालेली जागा असते, तिथे सगळ्यात आधी उष्णता साचते आणि तार तुटते. मरण आधीच ठरलेलं असतं, बटण फक्त मुहूर्त काढतं.

आता व्होल्टेज. तारेच्या बल्बचं आयुष्य व्होल्टेजच्या साधारण तेराव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतं. तेरावा घात! निसर्गात इतका चिडका हिशेब क्वचित भेटतो. आपल्या डीपीवरचा, म्हणजे वीज वाटणाऱ्या खांबांवरचा, ट्रान्सफॉर्मर ११ हजार व्होल्टचे ४३३ करतो. एका फेजला ते २५० पडतात. पुढे तारांमधून जाताना थोडे गळतील, म्हणून सुरुवातीलाच जास्त दिलेले असतात. पण रात्री सगळं गाव झोपलेलं, डीपीवर भार नाही आणि तुमचं घर डीपीच्या पायथ्याशी असेल, तर ते २५० जवळजवळ जसेच्या तसे तुमच्या बल्बला मिळतात. २३० साठी बनवलेला हजार तासांचा बल्ब मग साडेतीनशे तासांत आटोपतो. लाईनच्या टोकाला, जिथे २०० व्होल्ट जेमतेम पोचतात, तिथे त्याच खोक्यातला बल्ब सहापट जगतो. उजेड मात्र साठ टक्क्यांच्या आसपासच देतो. डीपीजवळचा माणूस कंपनीला शिव्या घालतो आणि टोकाचा माणूस तिचं कौतुक करतो. दोघांनीही माल एकाच दुकानातून आणलेला असतो.

नगरच्या वस्त्यांवर हा खेळ जास्त रंगतो, कारण तिथे घरातला दिवा आणि विहिरीवरची मोटर बहुधा एकाच डीपीवर असतात. पाच एचपीची एक मोटर म्हणजे नऊ वॅटच्या चारशेहून अधिक बल्बांचा भार. उसाला पाणी सुटलं की व्होल्टेज बसतं, मोटारी बंद झाल्या की उसळतं. या जिल्ह्याचं विजेशी नातंच मोटारींतून जुळलंय. १९६९ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झालं आणि त्याने देशात प्रयोग म्हणून ज्या पाच वीज सहकारी संस्था उभ्या केल्या, त्यांतली एक श्रीरामपूरची मुळा-प्रवरा. बेळगाव जिल्ह्यातली हुक्केरीची संस्था त्याच पाचांतली. साखर कारखान्यांचं सहकार सगळ्यांना ठाऊक असतं. पण मुळा-प्रवराच्या सभासदांच्या घरात सहकाराचीच वीज जळत होती, हे नव्या पिढीला सांगावं लागतं. २०११ च्या सुरुवातीला परवान्याची मुदत संपली आणि तो भाग महावितरणकडे गेला.

चढउताराहून भयंकर गोष्ट वेगळीच आहे: तुटलेला न्यूट्रल. डीपीवरून तीन फेज आणि एक न्यूट्रल निघतो. तुम्ही एका फेजवर, शेजारी दुसऱ्यावर, न्यूट्रल दोघांचा. तो डीपीपाशी सैल झाला किंवा तुटला, की तुमचं आणि शेजाऱ्याचं घर दोन फेजांच्या मधे एकापाठोपाठ जोडलं जातं आणि दोघांत मिळून ४०० व्होल्ट वाटले जातात. वाटणी कशी होते पाहा. शेजाऱ्याकडे हजार वॅटची इस्त्री चालू आहे आणि तुमच्याकडे फक्त साठ वॅटचा एक बल्ब. हिशेब केला तर बल्बच्या वाट्याला पावणेचारशे व्होल्ट येतात. इस्त्रीवाल्याला वाटतं लाईट डिम झाली, तुमच्याकडे 'हाय व्होल्टेज आलं'. म्हणजे वीज कमी वापरणाऱ्याचंच घर आधी जळतं. विजेच्या कायद्यात काटकसरीला दया नाही.

आणि एमसीबी? तो ढिम्म बसून राहतो. तो करंट जास्त झाला की पडतो, व्होल्टेजशी त्याला कर्तव्य नाही. ईएलसीबी गळती पाहतो. घरात दोन्ही असूनही टीव्ही, फ्रीज आणि बल्ब एका फटक्यात जातात, ते याच फटीतून. त्यासाठी जादा व्होल्टेजला पुरवठा तोडणारं वेगळं उपकरण मिळतं. वस्तीवरच्या घराला ते हवंच, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता एलईडी. निळ्या एलईडीच्या शोधाला २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं आणि त्यानंतर काही महिन्यांतच, जानेवारी २०१५ मध्ये, उजाला योजना सुरू झाली. तिच्यातून ३६ कोटींहून अधिक बल्ब देशभर वाटले गेले. हा बल्ब पंधरा हजार तास, पंचवीस हजार तास चालेल असं खोक्यावर लिहिलेलं असतं. ते अगदीच खोटं नसतं, पण ते प्रकाश देणाऱ्या चिपबद्दल असतं. बुडाशी बसलेला ड्रायव्हर, म्हणजे एसीचं डीसी करणारं छोटं सर्किट, इतका दमदार नसतो. त्यातल्या कपॅसिटरमध्ये द्रव असतो आणि तो उष्णतेने सुकत जातो. दर दहा अंशांना कपॅसिटरचं आयुष्य निम्मं होतं, असा ढोबळ नियम आहे.

एलईडी तापतच नाही, हा गैरसमज आहे. त्यातली निम्म्याहून अधिक वीज अजूनही उष्णताच होते. मे अखेरीला भंडारदऱ्याला लोक काजवे बघायला जातात. त्या कीटकाच्या प्रकाशात उष्णता जवळजवळ नसते. माणसाला ते अजून साधलेलं नाही. एलईडीची उष्णता पुढे न फेकली जाता बुडाकडे जाते. बल्ब काचेच्या बंद घुमटात असेल किंवा पीओपीच्या छतात पुरलेला असेल, वर एप्रिलच्या उन्हात भाजलेला स्लॅब असेल, तर ड्रायव्हर शिजतो. नव्या बंगल्यातले छताचे दिवे सारखे जातात आणि पडवीतला उघडा बल्ब वर्षानुवर्षं चालतो, याचं कारण बहुधा हेच. जुन्या माळवदाच्या घरात मातीचं छत होतं, तिथे हा त्रास कमी झाला असता.

मेलेल्या एलईडीचं पांढरं टोपण काढून पाहा, अर्थात बल्ब होल्डरमधून काढल्यावरच. आत पिवळे चौकोन दिसतील, एका ओळीत जोडलेले. त्यातल्या एकावर काळा ठिपका असेल तर तो जळाला आणि त्याच्यामुळे बाकीचे धडधाकट असूनही अंधारात गेले. चौकोन स्वच्छ असतील तर संशय ड्रायव्हरवर. मरण्याआधी बल्ब ठरावीक वेळाने विझत-पेटत होता का, तेही आठवा. तापला की बंद, थंड झाला की चालू, हे उष्णतेचंच लक्षण.

दोषी शोधायचा तर आधी जागा पाहावी. एकाच होल्डरमधले बल्ब जात असतील तर व्होल्टेजला दोष देऊ नका. होल्डरच्या दोन पिनांच्या स्प्रिंगा दमलेल्या असतात, टेकण अर्धवट होतं, बारीक ठिणग्या उडतात आणि पिना काळ्या पडतात. मेन स्विच बंद करून होल्डर बदलावा. वीस-तीस रुपयांचं काम असतं आणि लोक त्यावर शंभराचे बल्ब उधळतात. घरभर बल्ब जात असतील तर वायरमनकडून व्होल्टेज मोजून घ्या, एकदा मोटारी चालू असताना आणि एकदा रात्री उशिरा. टेस्टरवर विसंबू नका. फेज आहे की नाही एवढंच तो सांगतो, दीडशे व्होल्टलाही पेटतो आणि तीनशेलाही. घरातल्या पुरवठ्याला २३० च्या सहा टक्के वर-खाली एवढीच मुभा असते, म्हणजे २१६ ते २४४. सतत त्याबाहेर असेल तर लेखी तक्रार करा.

आणि शेजारची मोटर चालू होताच तुमचा दिवा मंद होण्याऐवजी लख्ख झाला, किंवा घरात तीन फेज असून एका खोलीत उजेड वाढला आणि दुसरीत घटला, तर बल्ब बदलत बसू नका. ते न्यूट्रल सुटल्याचं लक्षण आहे. आधी मेन स्विच पाडा, शेजाऱ्यांना सांगा आणि १९१२ वर फोन करा. डीपीला स्वतः हात लावू नका.