काकाडू : आगीने राखलेले रान

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात, डार्विन शहराच्या पूर्वेस, काकाडू राष्ट्रीय उद्यान सुमारे २० हजार चौरस किलोमीटरवर पसरले आहे. ईस्ट अ‍ॅलिगेटर नदीपलीकडे आर्नहेम लँड हा आदिवासींच्या मालकीचा प्रदेश सुरू होतो. वालुकाश्माचे उंच कडे, निलगिरीची विरळ वने आणि पावसाळ्यात पाण्याखाली जाणारी मैदाने असे येथील भूरूप आहे. वस्ती तुरळक आणि रस्ते मोजके असल्यामुळे तंबू ठोकून राहणाऱ्याला हा मुलूख मानवी स्पर्शापासून दूर राहिलेला वाटतो. प्रत्यक्षात बिनिंज आणि मुंगुय या आदिवासी लोकांनी तो हजारो वर्षे वापरला, राखला आणि घडवला आहे. १९८१ मध्ये जागतिक वारसा यादीत त्याचा समावेश झाला, तो निसर्ग आणि संस्कृती या दोन्ही निकषांवर.

येथील मडजेडबेबे शैलाश्रयाच्या उत्खननाचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. घासून धार लावलेल्या दगडी कुऱ्हाडी आणि गेरू सापडलेल्या थरांचे वय सुमारे ६५ हजार वर्षे निघाले. या कालमापनाबद्दल संशोधकांत मतभेद आहेत. मात्र ऑस्ट्रेलियातील अतिप्राचीन वस्तीस्थानांत या जागेची गणना होते.

बिनिंज लोक वर्षाचे सहा ऋतू मानतात. गुडजेवग हा मुसळधार पावसाचा काळ. बांगेरेंगमध्ये शेवटची वादळे माणसापेक्षा उंच वाढलेले गवत आडवे करतात. त्यानंतर येग्गे आणि वुर्गेंग हे तुलनेने थंड, कोरडे ऋतू येतात. मे ते ऑगस्ट या काळात तंबूत राहणे सर्वांत सोयीचे असते. गुरुंग उष्ण आणि कोरडा असतो, तर गुनुमेलेंगमध्ये विजा कडाडू लागतात. ऋतू बदलल्याची खूण तारखेत नव्हे, तर वारा, फुलोरा आणि प्राण्यांच्या हालचालींत पाहिली जाते.

येग्गेमध्ये आगी लावायला सुरुवात होते. गवत पुरते वाळलेले नसते आणि रात्री दव पडते, त्यामुळे ज्वाळा बुटक्या राहतात व आग बहुधा आपोआप विझते. जळालेल्या आणि न जळालेल्या पट्ट्यांची सरमिसळ तयार होते. प्राण्यांना आसरा उरतो, कोवळे गवत फुटते आणि कोरड्या ऋतूच्या अखेरीस भडकणारे वणवे अडतात. विसाव्या शतकात अनेक कुटुंबे मिशन, गुरांचे तळ आणि शहरांकडे गेली. आर्नहेमचे पठार ओस पडले आणि उशिराचे तीव्र वणवे वाढले.

२००६ मध्ये पश्चिम आर्नहेम लँडच्या सुमारे २८ हजार चौरस किलोमीटर क्षेत्रात आदिवासी वनरक्षक आणि शास्त्रज्ञांनी एकत्र येऊन कोरड्या ऋतूच्या सुरुवातीलाच आगी लावण्याचा मोठा प्रकल्प हाती घेतला. जळताना निघालेला कार्बन डायऑक्साइड पुढच्या हंगामातील गवत बऱ्याच अंशी शोषून घेते. मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड मात्र हवेतच राहतात. एकूण जळणारे क्षेत्र घटल्याने या वायूंचे उत्सर्जन कमी होते. ही घट वर्षाला एक लाख टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइडच्या तोडीची ठरली.

आगीभोवती पक्षीही जमतात. महाराष्ट्राच्या आकाशात नेहमी दिसणारी घारच तेथे धुरातून पळणारे टोळ आणि सरडे टिपते. घार आणि काही शिकारी पक्षी जळती काटकी उचलून दुसरीकडे टाकतात, हे आदिवासींचे निरीक्षण २०१७ मध्ये एका संशोधनपत्रिकेत नोंदवले गेले.

स्थानिक वाटाड्यासोबत मुक्काम केल्यास अन्नाचे शास्त्रही कळते. जमिनीत खड्डा खणून त्यात तापलेले दगड किंवा वारुळाचे तुकडे ठेवतात आणि पेपरबार्क झाडाच्या सालीत गुंडाळलेले मांस किंवा मासे वाफवतात. सायकसच्या विषारी बिया पाण्यात भिजवून खाण्याजोग्या करतात. हिरडा-बेहड्याच्या कुळातील काकाडू प्लम या फळाच्या १०० ग्रॅम गरात २,००० मिलिग्रॅमहून अधिक क जीवनसत्त्व आढळले आहे. केवड्याच्या जातीतील पँडॅनसच्या पानांपासून स्त्रिया टोपल्या आणि चटया विणतात.

काकाडूतील उबिर येथील कातळचित्रांत माशांचा काटा आणि अंतर्गत अवयव दाखवणारी क्ष-किरण शैली दिसते. तेथे थायलासिन या पट्टेदार शिशुधानी प्राण्याचेही चित्र आहे. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरून तो सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी नाहीसा झाला. त्यामुळे हे चित्र नामशेष प्राण्याची नोंदही ठरते.

मुक्कामाचे नियम कडक आहेत. आर्नहेम लँडमध्ये शिरण्यासाठी नॉर्दर्न लँड कौन्सिलचा परवाना लागतो. काही पवित्र स्थळी जाण्यास किंवा छायाचित्र काढण्यास मनाई असते. नदीकाठी तंबू पाण्यापासून दूर ठोकावा लागतो, कारण खाऱ्या पाण्यातील मगरी गोड्या पाण्यातही वावरतात. वाटाड्याला मिळणारे मानधन तेथील कुटुंबांना आपल्या भूमीवर राहण्यास हातभार लावते. आणि माणसे तेथे राहिली, तरच योग्य वेळी योग्य आग लावता येते.