शोकाला बारा माणसांची मर्यादा

अठराव्या शतकातल्या बॉस्टनमध्ये घरी हातमोज्यांचा जोड आला, की कुणीतरी गेलं हे कळायचं. अंत्ययात्रेचं आवतण असंच धाडत. मोजे जितके उंची, तितका मान मोठा. जवळच्यांना सोन्याची अंगठी मिळे. तिच्यावर मृताचं नाव, वय आणि मृत्यूची तारीख कोरलेली असे. पाद्री अँड्र्यू एलियट यांनी अंत्यविधी, लग्नं आणि बाप्तिस्म्यांत मिळालेल्या मोज्यांचा हिशेबच ठेवला होता. ३२ वर्षांत २,९४० जोड! जास्तीचे त्यांनी विकले.

या शहराचे संस्थापक प्युरिटन. मृतात्म्याचं काय होणार हे देवाने आधीच ठरवलेलं असतं, अशी त्यांची श्रद्धा होती. त्यामुळे सुरुवातीच्या काळात थडग्यापाशी प्रार्थनाही होत नसे. घंटा वाजे, माणसं मुकाट्याने चालत आणि माती देऊन परतत. पण दुःखाला काहीतरी रूप लागतंच. विधी नाकारले, तिथे भेटवस्तू आल्या, आणि त्यांच्यामागून प्रतिष्ठेची चढाओढ. खर्चाने घरं कर्जात जाऊ नयेत म्हणून मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने कायदे केले, तरी प्रथा हटेना. ती खरी आवरली राजकारणाने. १७७४ साली काँटिनेंटल काँग्रेसने ब्रिटिश मालावर बहिष्कार पुकारला, तेव्हा अंत्यविधीला मोजे वाटणं बंद करायचं ठरलं. पुरुषांनी दंडावर किंवा टोपीवर काळी फीत लावली, तरी शोक पुरे, असं मानलं गेलं.

न्यूयॉर्कचे कायदे

त्याच काळात न्यूयॉर्कमध्येही अंत्यविधींवर कायदे झाले, पण ते गुलामांसाठी. ट्रिनिटी चर्चने १६९७ साली आपल्या आवारात कृष्णवर्णीयांना पुरायला मनाई केली. १७१२ च्या गुलामांच्या उठावानंतर गोऱ्यांना त्यांच्या जमावाची धास्ती होती. म्हणून १७२२ मध्ये रात्रीच्या दफनावर बंदी आली. दिवसभर राबणाऱ्यांना रात्रच तेवढी मोकळी असे. १७३१ मध्ये तर हजर राहणाऱ्यांवर बारा जणांची मर्यादा घातली गेली.

तरी शोक थांबला नाही. १९९१ साली मॅनहॅटनमध्ये सरकारी इमारतीचा पाया खणताना या कृष्णवर्णीयांची दफनभूमी पुन्हा सापडली. चारशेहून अधिक सांगाडे निघाले. बहुतेकांना कफनात गुंडाळून, पेटीत ठेवून, डोकं पश्चिमेकडे करून पुरलं होतं. एका स्त्रीच्या कमरेला शंभराहून अधिक मणी होते, कवड्याही होत्या. ज्यांच्या मालकीचं काहीच नव्हतं, त्या माणसांनी ती माळ तिच्या अंगावरून काढून घेतली नाही.

बॉस्टनच्या शोकाच्या नोंदी रोजनिशांत आहेत; न्यूयॉर्कच्या या माणसांचा शोक मात्र मातीतून वाचावा लागला. २००३ मध्ये घानात कोरलेल्या पेट्यांमधून त्यांचं सन्मानाने पुन्हा दफन झालं. आरंभीच्या अमेरिकेचा इतिहास सांगताना मोज्यांइतकीच या मण्यांचीही गोष्ट सांगायला हवी. एका समाजात कोणाला रडण्याची मुभा होती आणि कोणाला नव्हती, हे दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही.