लष्करी परिचारिकेची घडण

भारतीय सैन्यदलांच्या रुग्णालयातली परिचारिका ही कमिशन मिळालेली अधिकारी असते. शिक्षण संपवून ती वॉर्डात रुजू होते तेव्हाच तिच्या खांद्यावर लेफ्टनंटचे दोन स्टार असतात. जवान तिला ‘मॅडम’ म्हणतो, तर वेदनेने कळवळताना त्याच्या तोंडी ‘सिस्टर’ येते, आणि दोन्ही हाकांना तिला सारख्याच तत्परतेने ओ द्यावी लागते. भूदल, नौदल आणि हवाई दल या तिन्हींच्या रुग्णालयांना परिचारिका पुरवणारी सेवा एकच आहे, ती म्हणजे मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस. तिच्यात आजवर स्त्रियांचीच भरती होत आली आहे.

या सेवेची सुरुवात मुंबईच्या बंदरात झाली. मार्च 1888 मध्ये प्रशिक्षित ब्रिटिश परिचारिकांची दहा जणींची पहिली तुकडी तिथे उतरली. तिच्या प्रमुख कॅथरीन लॉक पुढे रावळपिंडीच्या लष्करी रुग्णालयात गेल्या. तोवर आजारी गोऱ्या शिपायाची शुश्रूषा पलटणीतलेच शिपाई जमेल तशी करत. पहिल्या महायुद्धात भारतात भरती झालेल्या परिचारिका कामाला लागल्या. 1 ऑक्टोबर 1926 रोजी इंडियन मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस कायमस्वरूपी उभी राहिली आणि तोच दिवस आज स्थापना दिन म्हणून पाळला जातो. परिचारिकांना अधिकारीपद देणारा अध्यादेश 1943 चा. ऐन युद्धात निघालेला तो कागद आजही या सेवेचा कायदेशीर पाया आहे.

सेवेत येण्याचे दोन मार्ग आहेत. बाहेरच्या महाविद्यालयातून नर्सिंगची पदवी घेतलेल्या 21 ते 35 वयाच्या स्त्रियांना शॉर्ट सर्व्हिस कमिशन मिळू शकते. दुसरा मार्ग बारावीनंतरचा आहे आणि खरी घडण त्याच मार्गावर पाहायला मिळते. पुण्याचे आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेज, मुंबईचे नौदल रुग्णालय ‘अश्विनी’, आणि कोलकाता, दिल्ली, लखनौ व बंगळूर इथली लष्करी रुग्णालये अशा सहा ठिकाणी चार वर्षांचा बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रम चालतो. सहा ठिकाणच्या मिळून जागा 220. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय घेऊन बारावी झालेली मुलगी त्यासाठी अर्ज करू शकते. 2022 पासून पहिली चाळणी ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या गुणांची असते. त्यानंतर बुद्धिमत्ता आणि इंग्रजीची संगणकावरची परीक्षा, मानसशास्त्रीय चाचणी, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी. प्रवेश घेतानाच सेवेचा करार लिहून द्यावा लागतो. त्या बदल्यात राहणे, जेवण आणि गणवेशाची सोय सरकार करते, शिवाय दरमहा विद्यावेतनही मिळते. चार वर्षांची फी न भरता हाती पदवी आणि नोकरी येते, हे गावाकडच्या घरांना फार मोलाचे वाटते आणि त्यात कमीपणा मानण्यासारखे काहीच नाही.

अभ्यासक्रम इंडियन नर्सिंग कौन्सिलने ठरवलेलाच असतो. शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र, आहार आणि औषधे हे विषय आधी येतात. मग शस्त्रक्रियेच्या रुग्णांची शुश्रूषा, बालरोग, प्रसूती, मनोविकार आणि समाजातली आरोग्यसेवा. बाळंतपण आणि बालरोग इथे कशासाठी, असा प्रश्न बाहेरच्याला पडतो. पण लष्करी रुग्णालयात जवानाइतकाच त्याच्या कुटुंबाचाही हक्क असतो. फॅमिली वॉर्डात दाखल झालेल्या बाईचा नवरा कित्येकदा सीमेवर असतो आणि प्रसूतीच्या वेळी तिच्या उशाशी फक्त सिस्टर असते.

वेगळेपण आहे ते दिनक्रमात. इथली विद्यार्थिनी म्हणजे नर्सिंग कॅडेट. कवायत, गणवेशाची कडक इस्त्री, वरिष्ठांसमोर बोलण्याची रीत, मेसमधली शिस्त हे सगळे पुस्तकी अभ्यासाच्या बरोबरीने चालते. लातूरची मुलगी कोट्टयमच्या मुलीबरोबर एका खोलीत राहते आणि दोघींना वॉर्डात बोलायचे असते हिंदीत, कारण समोरच्या खाटांवर गढवाली, डोगरा, मद्रास, नागा आणि मराठा पलटणींचे जवान असतात. ‘दुखतंय’ या एकाच गोष्टीसाठी प्रत्येकाचे शब्द निराळे. ते कानाला ओळखीचे व्हायला एखादे वर्ष जाते.

हात तयार होतात ते वॉर्डात. मणक्याच्या दुखापतीच्या रुग्णाचेच उदाहरण घ्यावे. पुण्यात खडकीला अशा जखमी सैनिकांच्या उपचाराची आणि पुनर्वसनाची मोठी परंपरा आहे. कमरेखालची संवेदना गेलेला जवान स्वतःहून कूस बदलू शकत नाही आणि एका अंगावर पडून राहिले तर ते अंग कुजू लागते, हेही त्याला कळत नाही. म्हणून दर दोन तासांनी त्याची कूस बदलायची. दुखापत मानेची असेल तर त्यासाठी चौघे लागतात. एकजण डोके आणि मान धरतो, तिघे खांदा, कंबर आणि पाय सांभाळतात. हुकूम डोक्याशी उभ्या असलेल्याचा. त्याने ‘तीन’ म्हटल्यावर चौघांनी एकदम, शरीराची रेषा जराही न मोडता रुग्णाला वळवायचे असते. कोणी एक क्षण आधी ओढले तर मणका पिळवटतो. वरच्या वर्षाची कॅडेट शिक्षिकेच्या देखरेखीखाली डोक्याशी उभी राहते आणि वयाने मोठ्या नर्सिंग असिस्टंटना हुकूम देते. अधिकारी होणे म्हणजे काय याचा पहिला धडा तिला मैदानावर मिळत नाही, तो इथे मिळतो.

कूस बदलली की पाठ तपासायची. माकडहाड, टाचा, नितंबाचे बाजूचे हाड, खांद्याची पाती या दाब येणाऱ्या जागा. कातडी लाल दिसली तर बोट दाबून सोडायचे. जागा क्षणभर पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर रक्त फिरते आहे. लालीच हटली नाही तर आतली इजा सुरू झाली. पण ही खूण उजळ कातडीवर नीट उमटते, सावळ्या किंवा काळ्या कातडीवर नाही. तिथे हाताच्या पाठीने ऊब पाहावी लागते, बोटांनी कडकपणा किंवा लिबलिबीतपणा चाचपावा लागतो. अनुभवी सिस्टर चादर बदलता बदलता हे करते. तिचे बोलणे थांबत नाही, पण हात एखाद्या जागी थांबतो, आणि तेवढ्यावरून शेजारच्या कॅडेटला कळते की इथे काहीतरी आहे.

अशा रुग्णाबाबत आणखी एक गोष्ट कॅडेटच्या मनावर पक्की बिंबवली जाते. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा तिच्या वर इजा झालेल्या जवानाचे डोके अचानक ठणकू लागले, चेहरा लाल होऊन घाम फुटला, तर रक्तदाब धोकादायक चढलेला असू शकतो. कारण बहुधा क्षुल्लक असते. लघवीची नळी कुठेतरी मुडपलेली असते आणि मूत्राशय तुडुंब भरलेले असते. घाबरलेल्या माणसाला आडवे करावे अशी सहज बुद्धी होते. इथे ती घातक ठरते. आधी त्याला उठवून बसवायचे, कपडे सैल करायचे, मग नळी पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासायची आणि त्याच वेळी डॉक्टरांना बोलावणे धाडायचे. नळी सरळ होताच काही मिनिटांत रक्तदाब उतरू लागतो. अशी शुश्रूषा मिळालेली माणसे पुढे किती दूर जातात याला मुरलीकांत पेटकर साक्षी आहेत. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलेल्या सांगली जिल्ह्यातल्या या जवानाने 1972 च्या हायडलबर्ग पॅरालिंपिकमध्ये जलतरणात सुवर्णपदक मिळवले.

लष्करी रुग्णाचा एक स्वभाव नागरी रुग्णालयात सहसा दिसत नाही. प्रत्येक सैनिकाची वैद्यकीय श्रेणी ठरलेली असते. पूर्ण तंदुरुस्त तो ‘शेप-वन’. श्रेणी घसरली की बढती, प्रशिक्षणाचे कोर्स, नेमणूक या सगळ्यावर परिणाम होतो. त्यामुळे पुष्कळ जवान दुखणे लपवतात. ‘ठीक हूँ मॅडम’ हे उत्तर ठरलेलेच. पण तोच जवान रात्री पाण्याचा ग्लास उचलताना उजवा हात टाळतो, जिना चढताना कठडा धरतो. ते टिपायचे काम सिस्टरचे. डॉक्टर राऊंडला येतात तेव्हा चालते-फिरते रुग्ण खाटेशेजारी सावधान उभे असतात आणि सावधान उभ्या माणसाची वेदना दिसणे अवघड. चोवीस तास वॉर्डात असते ती परिचारिका. या कामातला सर्वांत अवघड भाग बहुधा हाच असावा, कारण तो कुठल्याच परीक्षेत विचारला जात नाही.

प्रकृती फारच खालावलेल्या रुग्णाचे नाव ‘डेंजरसली इल’ यादीत जाते आणि युनिटमार्फत घरी कळवले जाते. नातेवाईक पोचेपर्यंत दिवस-दोन दिवस जातात. तोवर त्याच्याजवळ बसणे, शुद्धीवर आला तर घरच्यांशी फोनवर बोलणे करून देणे, आलेल्या आईला नळ्या आणि यंत्रांच्या गर्दीत मुलाचा हात कुठे धरायचा ते दाखवणे ही कामे नोंदवहीत वेगळ्या रकान्यात येत नाहीत, पण जुन्या सिस्टर ती नव्यांना आवर्जून शिकवतात.

चार वर्षे आणि परीक्षा संपल्यावर कमिशनिंगचा समारंभ होतो. शपथ होते आणि खांद्यावरचे स्टार बहुधा आईवडीलच लावतात. पहिली नेमणूक देशात कुठेही होऊ शकते. पुढे अतिदक्षता, शस्त्रक्रियागृह अशा विषयांत विशेष प्रशिक्षण घेता येते. पदांची शिडी मेजर जनरलपर्यंत जाते. भारतीय सैन्यदलांत त्या पदावर पोचलेली पहिली स्त्री याच सेवेतली होती, 1976 मध्ये गर्ट्रूड अली राम.

वाट नेहमीच सरळ नव्हती. लग्न केले म्हणून परिचारिकेला सेवेतून काढण्याचा नियम 1977 च्या लष्करी आदेशात होता आणि तो 1995 मध्ये मागे घेतला गेला. त्या नियमाखाली 1988 मध्ये नोकरी गमावलेल्या एका लेफ्टनंटच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2024 मध्ये तो नियम उघड मनमानी ठरवला आणि तिला 60 लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. बी.एस्सी. अभ्यासक्रमाच्या प्रवेशावेळी अविवाहित असण्याची अट मात्र अजून आहे. विधवा, घटस्फोटित आणि कायद्याने विभक्त झालेल्या स्त्रियांनाही अर्ज करता येतो, पण त्यांच्यावर मुलांची जबाबदारी नसावी लागते.