पाणी वाचणारे चुंबक, पाणी गाळणारा कोळसा

भिवपुरीच्या वीजगृहातून बाहेर पडणारे पाणी उल्हास नदीला मिळते आणि खोपोलीच्या वीजगृहातील पाताळगंगेला. टाटांचे खोपोली येथील वीजगृह १९१५ साली सुरू झाले, भिवपुरीचे १९२२ साली. एरवी पूर्वेकडे भीमेच्या खोऱ्यात गेले असते असे हे पाणी. घाटमाथ्यावरील वळवण, शिरवता आणि आंद्रा खोऱ्यातील धरणांत अडवून ते कोकणात उतरविण्यात आले. त्यामुळे कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांतील मुख्य नद्या उन्हाळ्यातही वाहत्या राहिल्या आणि त्यांच्या काठाने गावे, कारखाने व नगरे वाढत गेली. त्याचीच दुसरी बाजू अशी, की केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या अहवालात राज्यातील ज्या ५३ प्रदूषित नदीपट्ट्यांची नोंद झाली, त्यांत उल्हास आणि पाताळगंगा या दोन्ही नद्यांची नावे होती. डोंगरउतारावरील ठाकूर-कातकरी वाड्यांचा प्रश्न निराळाच. तेथे पावसाळ्यात गढूळ पाणी आणि उन्हाळ्यात पाणीच नाही.

पाण्याभोवती फिरणारे दोन शोध अलीकडे सतत कानावर पडतात. पाण्याच्या गाळणीत आलेला तंतुरूप कार्बन हा एक आणि शरीरातील पाण्याच्या आधारे चित्र काढणारे एमआरआय यंत्र हा दुसरा. दोहोंविषयी जेवढे कुतूहल, तेवढाच गैरसमज. हे शोध काय करतात, यापेक्षा ते काय करीत नाहीत हे ठाऊक नसणे अधिक महागात पडते.

आधी कोळशाचे पाहू. कातकरी हे नाव कातावरून, म्हणजे खैराच्या लाकडापासून कात काढण्याच्या व्यवसायावरून पडले. तो व्यवसाय गेल्यावर या समाजातील कित्येक कुटुंबे कोळशाच्या भट्ट्यांवर मजुरीला जुंपली गेली. भट्टीत लाकडे रचतात, वरून पालापाचोळा व माती लिंपतात आणि आत जेमतेम हवा जाईल एवढीच वाट ठेवतात. पुरेशी हवा नसल्याने लाकूड पेटून राख होत नाही. त्यातील पाणी, धूर व वायू निघून जातात आणि कार्बनचा सांगाडा उरतो. गाळणीतील कार्बनचा पहिला टप्पा नेमका हाच आहे. फक्त लाकडाच्या जागी बहुधा नारळाची करवंटी असते.

दुसरा टप्पा भट्टीवर होत नाही. तयार कोळसा ८०० ते १००० अंश सेल्सिअस तापमानाला वाफेच्या झोतात ठेवला, की वाफ कार्बनचे कण कुरतडत जाते आणि आत अतिसूक्ष्म छिद्रांचे जाळे तयार होते. या क्रियेने 'सक्रिय' झालेल्या एक ग्रॅम कार्बनच्या आतील भिंती उलगडून मांडता आल्या, तर त्यांचे क्षेत्र सुमारे एक हजार चौरस मीटर भरते. शेतकऱ्याच्या हिशेबात दहा गुंठे! पाण्यात विरघळलेले कीटकनाशकांचे, बेंझिनसारख्या रसायनांचे किंवा दुर्गंध आणणाऱ्या द्रव्यांचे रेणू या भिंतींना चिकटून बसतात. शास्त्रीय भाषेत याला अधिशोषण म्हणतात. फडक्याने गाळताना कचरा अडतो. येथे मात्र जे डोळ्यांना दिसतही नाही, ते भिंतीला धरून ठेवले जाते. पहिल्या महायुद्धात विषारी वायूंपासून बचाव करणाऱ्या मुखवट्यांत करवंटीचा कोळसा भरलेला असे, तोही याच गुणासाठी.

मग तंतूचे नवल कोणते? दाणेदार कार्बन हा जुन्या वाड्यासारखा असतो. दिंडी, चौक, ओसरी ओलांडावी, तेव्हा कुठे आतली खोली सापडते. पाण्यातील रेणूला दाण्याच्या आतपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. तंतूची जाडी केसाच्या काही हिश्श्यांएवढी, दहा-वीस मायक्रॉन असते आणि त्यातील सूक्ष्म छिद्रांची तोंडे थेट पृष्ठभागावर उघडतात. रस्त्यालगत दारे असलेल्या घरांची ओळच म्हणायची. त्यामुळे अधिशोषण झपाट्याने होते आणि कमी जागेत अधिक काम उरकते. असा कार्बन कापडासारखा विणता येतो, नमद्यासारखा दाबताही येतो. किंमत मात्र दाणेदार कार्बनपेक्षा बरीच अधिक पडते.

येथे एक घोटाळा दूर करायला हवा. विमानाचे भाग, सायकली किंवा बॅडमिंटनच्या रॅकेट ज्यापासून बनतात, तो कार्बन फायबर निराळा. अमेरिकेत रॉजर बेकन यांनी १९५८ मध्ये आणि जपानमध्ये अकिओ शिंदो यांनी १९६१ च्या सुमारास ज्याच्या विकासाची वाट दाखवली, तो तंतू बळकटीसाठी आहे. त्याला गाळण्याचा गुण नाही. शिंदो यांनी त्यासाठी वापरलेले पॉलिअ‍ॅक्रिलोनायट्राइल हे स्वेटरच्या अ‍ॅक्रिलिक लोकरीच्या कुळातले. त्याच पदार्थाचा तंतू वाफेने वा कार्बन डायऑक्साइडने सक्रिय केला, तरच तो गाळणीच्या कामाचा होतो. जाहिरातीत 'कार्बन फायबर' ही अक्षरे कितीही मोठी छापली, तरी त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

याच पदार्थाचा तिसरा अवतार पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत घडला. डॉ. उल्हास खरुल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलिअ‍ॅक्रिलोनायट्राइलच्या पोकळ तंतूंची पटले विकसित केली. त्यांच्या भिंतींतील छिद्रे इतकी लहान असतात, की पाणी पार होते आणि जीवाणू बाहेर राहतात. हे अधिशोषण नव्हे, ही अक्षरशः चाळण आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने पॉलिसल्फोनच्या पटलावर आधारलेली घरगुती गाळणी तयार केली, तिचेही तत्त्व हेच. टाटा समूहाच्या पुण्यातील संशोधन केंद्रात भाताच्या तुसाच्या राखेपासून सुरू झालेले काम पुढे २००९ मध्ये 'टाटा स्वच्छ' या नावाने बाजारात आले. त्यात राखेला चांदीच्या अतिसूक्ष्म कणांची जोड होती. भातासाठी ओळखल्या जाणाऱ्या कर्जतकरांना तुसाचा हा उपयोग विशेष वाटावा.

कार्बन जंतू मारीत नाही, हे ध्यानात ठेवले नाही तर घोटाळा होतो. उलट, सेंद्रिय द्रव्य साठलेल्या ओलसर कार्बनवर जीवाणू सुखाने वाढतात. शिवाय क्लोरीन काढून टाकणे हे त्याचे सर्वांत हुकमी काम. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टीसीएल पावडर टाकतो आणि ओटी चाचणीने नळाच्या टोकाशी क्लोरीन उरला आहे की नाही हे तपासतो, ते पाणी हंड्यात साठविल्यावरही सुरक्षित राहावे म्हणून. कार्बनमधून गेलेल्या पाण्याला चव येते, पण ते संरक्षण संपते. असे पाणी दोन दिवस उघड्या भांड्यात ठेवून त्यात ओगराळे बुडविणे म्हणजे गाळणीवर केलेला खर्च वाया घालविणे होय. गाळलेले पाणी उकळावे, अल्ट्राव्हायोलेट दिव्याखालून जावे किंवा लगेच वापरले जावे. क्षार, नायट्रेट व फ्लोराइड यांवर साध्या कार्बनचा फारसा इलाज चालत नाही. पावसाळ्यातील गढूळ पाणी तुरटीने निवळून न घेता गाळणीत ओतले, तर छिद्रे चिखलाने बुजतात. आणि दहा गुंठे असोत की वीस, भिंती एके दिवशी भरतातच. त्यानंतर पाणी तसेच पुढे जाते. रंग तोच, धारही तीच, त्यामुळे घरातील कोणाला पत्ता लागत नाही. गाळणीतील नळकांडे वेळेवर बदलणे हाच खरा खर्च असतो आणि एखाद्या संस्थेने वाडीला यंत्र भेट दिले, तर पुढील नळकांड्यांचे पैसे कोण देणार हा प्रश्न समारंभाच्या दिवशीच विचारायला हवा.

आता शरीरातील पाणी. माणसाच्या वजनाचा सुमारे साठ टक्के भाग पाणी असतो आणि पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू असतात. या अणूचे केंद्रक इवल्याशा चुंबकासारखे वागते. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ते भोवऱ्यासारखे डुलते. १.५ टेस्लाच्या यंत्रात हे डुलणे सेकंदाला सुमारे ६ कोटी ३९ लाख वेळा होते. ही वारंवारता एफएम रेडिओच्या पट्ट्याच्या किंचित खाली येते. त्याच वारंवारतेची रेडिओलहर सोडली, की केंद्रके ऊर्जा घेतात आणि लहर थांबताच ती परत देतात. चरबी, स्नायू, मेंदूतील सूज, गाठ यांतील पाण्याला पूर्वस्थितीत यायला वेगवेगळा वेळ लागतो. चित्रातील काळे-पांढरे त्या फरकातून येते. क्ष-किरण येथे कोठेही नाहीत. एमआरआयने 'रेडिएशन' होते ही भीती त्यामुळे अनाठायी आहे.

हे संकेत येतात कोठून, हे कळण्याची युक्ती अमेरिकेतील पॉल लॉटरबर यांना सुचली. क्षेत्र सर्वत्र सारखे ठेवण्याऐवजी त्यांनी ते मुद्दाम उतरते केले. जागा बदलली की डुलण्याचा वेग बदलतो, म्हणजे वारंवारतेवरूनच ठिकाण कळते. १९७३ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पहिल्या चित्रात होत्या साध्या पाण्याच्या दोन बारीक नळ्या. हा लेख आधी परत पाठविण्यात आला होता! वेगवान चित्रणाचे गणित मांडणारे ब्रिटनचे पीटर मॅन्सफील्ड आणि लॉटरबर यांना २००३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. वाहत्या द्रवातील चुंबकीय अनुस्पंदन मोजण्याचे आरंभीचे काम बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत जी. सूर्यन यांनी १९५१ मध्येच केले होते. रक्तवाहिन्यांच्या आजच्या एमआरआय चित्रांची मुळे तेथवर जातात. भारतात ही गोष्ट जितकी सांगितली जायला हवी, तितकी सांगितली जात नाही.

१.५ टेस्ला म्हणजे किती, याचे उत्तर रायगड जिल्ह्यातच आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकीय मोजमापे १९०४ पासून अलिबागला नेण्यात आली. नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली तेथे उभ्या राहिलेल्या इमारतीत चुंबकत्व नसलेला पोरबंदरी दगड वापरला. तेथे मोजले जाणारे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र होकायंत्राची सुई वळवते. एमआरआय यंत्रातील क्षेत्र त्याच्या सुमारे ३५ हजार पट असते. ते निर्माण करणारी तार द्रवरूप हीलियमच्या साहाय्याने उणे २६९ अंशांपर्यंत थंड ठेवलेली असते आणि त्या थंडीत तिचा विद्युतरोध शून्य होतो. त्यामुळे हे चुंबक बटण दाबले की बंद, असे नसते. ते रात्रंदिवस चालू असते, रुग्ण आत असो वा नसो.

खारघरच्या कर्करोग संशोधन केंद्रात नोव्हेंबर २०१४ मध्ये प्राणवायूचे लोखंडी नळकांडे एमआरआयच्या खोलीत नेले गेले. ते यंत्राकडे खेचले गेले आणि दोन कर्मचारी सुमारे चार तास मध्ये अडकून पडले. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतील महापालिकेच्या एका रुग्णालयात अशाच नळकांड्यासह आत गेलेल्या रुग्णाच्या नातेवाइकाचा मृत्यू झाला. दाराबाहेर विचारले जाणारे प्रश्न म्हणूनच कटकट समजू नयेत. खोपोली-खालापूर पट्ट्यातील पोलाद व अभियांत्रिकी कारखान्यांत ग्राइंडिंग करणाऱ्या कामगाराच्या डोळ्यात कधीकाळी उडालेला लोखंडाचा कण राहिलेला असू शकतो. चुंबकाने तो हलला तर दृष्टी जाण्याचा धोका असतो. असे काम केलेल्याने ते आधी सांगावे. शंका असल्यास डोळ्याचा क्ष-किरण फोटो काढून मगच एमआरआय केला जातो. पेसमेकर किंवा मेंदूतील क्लिप यांचीही माहिती द्यावी. द्रुतगती मार्गावरील अपघातात डोक्याला मार लागलेल्या माणसाचा बहुधा आधी सीटी स्कॅन होतो, कारण तो काही मिनिटांत उरकतो. तेथे एमआरआयचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. मणक्यातील मज्जारज्जू व अस्थिबंध यांच्यासाठी मात्र त्याला तोड नाही.

कार्बन फायबर येथे पुन्हा भेटतो. सीटी आणि किरणोपचाराच्या यंत्रांतील पलंग त्याचा असतो, कारण क्ष-किरण त्यातून सहज जातात. एमआरआयमध्ये तो टाळतात, कारण तो विद्युतवाहक आहे आणि रेडिओलहरींनी तापू शकतो.

आयात यंत्रांची किंमत कोट्यवधी रुपयांत जाते, हीलियमही परदेशातूनच येतो. डोंगरवाडीतील रुग्णाला अवघड तपासणीसाठी पनवेल किंवा नवी मुंबईची वाट धरावी लागते, त्यामागे हेही एक कारण आहे. पवई व खारघर येथे काम करणाऱ्या 'समीर' या सरकारी संशोधन संस्थेच्या पुढाकाराने १.५ टेस्लाचे स्वदेशी यंत्र विकसित होत आहे. त्याच्या चाचणीसाठी मार्च २०२५ मध्ये दिल्लीच्या 'एम्स'शी करार झाला. बंगळुरूच्या 'व्हॉक्सेलग्रिड्स' या कंपनीने २०२३ मध्ये द्रवरूप हीलियमवर अवलंबून नसलेले यंत्र सादर केले.

जुन्या पद्धतीच्या यंत्रांत उडून जाणारा हीलियम पुन्हा थंड करण्यासाठी शीतक यंत्रणा असते. तिच्या कॉम्प्रेसरमधून हीलियमबरोबर तेलाची वाफही निघते आणि ती थंड भागात गोठली तर यंत्रणा बंद पडते. म्हणून वाटेत एक नळकांडे बसवितात. त्यात सक्रिय कोळसा भरलेला असतो. ते ठराविक तासांनंतर बदलावे लागते.