आयत्या बिळावर कोण कोण?

नागपंचमीच्या चित्रात वारूळ असतंच, आणि त्यातून फणा काढून डोकावणारा नागोबा! पण नागाला ना हात, ना पाय. एवढं उंच घर त्यानं बांधलं कसं?

त्यानं बांधलंच नाही. मुंग्यांनीही नाही. वारूळ बांधते वाळवी. हो, तीच, कपाटातली पुस्तकं फस्त करणारी! तिला पांढरी मुंगी म्हणतात खरं, पण तिचं जवळचं नातं आहे झुरळाशी.

तांदळाच्या कणीएवढा जीव. कामकरी वाळवीला डोळेही नसतात. मातीचा कण लाळेत मळायचा, चिकटवायचा, की पुढचा कण. असं करत करत माणसाच्या उंचीचं वारूळ उभं राहतं. आणि ते श्वास घेतं बरं का! दिवसा उन्हानं बाहेरच्या कडा आधी तापतात, त्यांच्यातली हवा वर चढते आणि गार गाभ्यातली खाली उतरते. रात्री कडा लवकर निवतात आणि वारा उलटा फिरतो. बंगळूरच्या वारुळांत शास्त्रज्ञांनी हा वारा चक्क मोजलाय.

आत तर शेती चालते. सुकी पानं, लाकूड वाळवीला एकटीला नीट पचत नाही. म्हणून ती आपल्या विष्ठेच्या बारीक गोळ्यांचे स्पंजासारखे वाफे रचते आणि त्यांवर बुरशी वाढवते. बुरशीनं लाकूड मऊ केलं, की जेवण तयार! पावसाळ्यात हीच बुरशी बाहेर छत्र्या उघडते. गोव्यात नि कोकणात या अळंब्यांवर उड्या पडतात. गोव्यात वारुळाला 'रोयण' म्हणतात आणि सातेरी देवीला वारुळाच्या रूपात पुजतात.

खोल दालनात बोटाएवढी राणी दिवसाला हजारो अंडी घालते. राजा शेजारीच.

मग आयते येणारे कोण? रिकाम्या वारुळात गारव्याला नाग येतो. घोरपड अंडी घालून जाते. अस्वल मात्र जेवायलाच येतं. त्याला वरचे पुढचे दोन दात नसतात, त्या फटीतून ते वाळवी सुर्रकन ओढून घेतं.

झाडाच्या खोडावर मातीची बारीक नळी दिसली, तर काडीनं बोटभर उकला. कामकरी आत पळतील आणि तांबूस डोक्याचे, कात्रीसारख्या जबड्याचे शिपाई पुढे येतील. या शूरांना स्वतः जेवता येत नाही, कामकरीच भरवतात! संध्याकाळी परत बघा, भगदाड बहुतेक बुजलेलं असेल.

वारुळात मात्र काडी घालू नका हं. नागोबा खरंच आत असू शकतो.